कापलेले फुगे

माझी जुनी कॉमिक्स एकत्र बांधताना बाइंडरने कडा सरळ केल्या आणि वरचे संवादांचे फुगेही कापून टाकले. तेव्हा मी हसलो होतो. सगळे संवाद मला आणि दादाला तोंडपाठ होते. तोंडपाठ असलेलं कोण कापून नेणार?

आज कित्येक वर्षांनी ते पुस्तक उघडलं. नायक कड्याला लटकलाय, तोंड उघडं, वर फुग्याचं नुसतं शेपूट. तो काय म्हणतो ते काही केल्या आठवेना. घाबरून दादाला फोन लावला.

“दादा, आपल्या कॉमिक्समधला तो कड्याला लटकून काय ओरडतो रे?”

“कोण तो?” दादा म्हणाला.

मी भराभर पानं उलटली. सगळेच जिवाच्या आकांताने मला काहीतरी सांगताहेत, आणि मला एकाचंही ऐकू येत नाही.