पाठमोरी वसुधा

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाथरीच्या स्टँडवर होते. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. परभणीची गाडी लागली होती, पण चढवेना... नुसत्या फेऱ्या मारत राहिले. महिना उलटला, अजून तेच चाललंय. एका जागी बसवत नाही.

परभणीत आम्ही दोघी मानसशास्त्र शिकवायचो. नवरा-बायकोतल्या शरीरसंबंधांचा अभ्यास करायचं तिनं जाहीर केलं, तेव्हा स्टाफरूममधले चेहरे पाहण्यासारखे झाले होते. तिला कुणाची फिकीर! मनात काय असेल याचे अंदाज बांधायचे नाहीत. माणूस काय करतो, त्याआधी काय घडलं, नंतर काय घडलं, तेवढंच विचारायचं, हा तिचा हट्ट. पण बायका समोरासमोर बोलतात कुठं? मग वसुधा वेणी सोडायची, तेलाची वाटी समोरच्या बाईच्या हाती द्यायची आणि तिच्याकडे पाठ करून बसायची. केस विंचरता विंचरता बायका बोलू लागायच्या.

बोरीची रुक्मिणी मात्र बोलेना. (नाव बदललंय, तिला विचारूनच लिहितेय.) तिचा नवरा माझ्यापुढं तक्रार घेऊन बसला, "जवळ गेलं की पाठ फिरवती बगा मॅडम. लय रुसकी हाय." अभ्यासाच्या नोंदी मी ठेवायचे. मी ‘रुसते’ असं लिहिलं, तर वसुधा भडकली.

"पाठ फिरवते, एवढंच लिही. रुसताना तू पाहिलंस?"

"दुसरं काय असणार?" मीही चिडले.

"माहीत नाही. म्हणून तर आपण विचारतोय ना!"

रुक्मिणी यायची, वेणी घालून मुकाट्यानं जायची. वसुधानं तिला कधी टोकलं नाही. "येते ना? येणं हेही वागणंच," म्हणायची.

परवा रुक्मिणी माझ्या दारात उभी. वसुधाच्या घराला कुलूप, म्हणून शेजाऱ्यांनी इकडं पाठवलेली. वसुधा गेल्याचं सांगितलं, तशी ती उंबऱ्यावरच बसली.

"आज सांगायचंच म्हून आले व्हते ओ..."

माझे केस आखूड, वेणी कुठून आणू? तरी तेलाची बाटली तिला दिली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. तिचे हात नुसतेच फिरत राहिले. वळून बघावंसं फार वाटत होतं, कशीबशी बसून राहिले.

"लगीन झाल्यापसून, हे जवळ आले की लय दुखतंय ताई," ती म्हणाली. "जीव जातोय निसता. ह्यांना वाटतंय, रुसलेय मी."