साजिदसाठी दुसरी नमाज

साजिद गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिल्यांदा मिळाली तेव्हा तो जिवंत होता आणि दुसऱ्यांदा मिळाली तेव्हा ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. तसं त्याला जाऊन बरेच महिने झाले. पण आमच्या माणसांपुरता तो गेला काही आठवड्यांपूर्वी, मक्केत, त्याच्या आईने ते मान्य केलं तेव्हा. म्हणून हे लिहायला एवढा उशीर झाला.

मी सौदीतल्या जुबैलच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. अर्धं आयुष्य इथेच गेलं. साजिदची आई हलीमाआपा आणि मी एकाच गावच्या, दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या. शाळेत ती माझ्या पुढे होती. त्या नात्याने मी साजिदची खाला, म्हणजे मावशी. जुम्म्याची नमाज झाली की ही स्वारी कामगारांच्या कॅम्पातून थेट आमच्या स्वयंपाकघरात हजर. पालथ्या बादलीवर बसायचं, मी आणलेले मासे साफ करायचे आणि करता करता त्यांना नावं ठेवायची. "खाला, हा मासा हाय का कापूस? आपल्या खाडीतल्या बोयीची सर येल काय याला?" नावं ठेवून झाली की तोच मासा दोनदा वाढून घ्यायचा. काम परांच्या बांधण्याचं. रिफायनरीच्या उंच मनोऱ्यांभोवती लोखंडी पाइपांचा मांडव उभा करायचा, दुसऱ्यांनी त्यावर चढून काम करायचं. आईला मात्र सांगून ठेवलेलं की ऑफिसात बसून सह्या करतो. माझ्या देखत फोनवर बोलायचा, "अम्मी, एसीत हाय, थंडी वाजते." फोन ठेवल्यावर मी रागावले तर म्हणायचा, "खोटा कुठं बोललो? वर वारा असतोच ना!" असा हा माणूस. त्याच्यावर रागावून फायदा नसायचा, कारण आपल्याला हसू फुटायचं आणि मग राग वाया जायचा.

त्याचं लग्न झालं आणि पुढच्याच महिन्यात रजा संपली. रुकय्या सासरी राहिली, हा इकडे आला. दोन वर्षांतून एकदा जायचं, घर नव्याने ओळखीचं होईतो परत यायचं. इथे साध्या कामगाराला बायको आणता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे मुकाट सोसतात. साजिदला ते सोसवत नव्हतं. प्लांटचं काम संपलं, कॉन्ट्रॅक्टरने खलास म्हणून सांगितलं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला, तेव्हा कुणीतरी त्याच्या मोबाइलवर एका एजंटचा व्हिडिओ पाठवला. थंडीचा देश, तिथल्या लष्कराच्या गोदामात मदतनिसाचं काम, बंदुकीला हातही लावायचा नाही, आणि वर्षाने कुटुंब नेता येईल. बाकी काही त्याने ऐकलंच नाही. "फॅमिली नेता येते, खाला," एवढंच माझ्यापुढे घोळवत राहिला. मी पुष्कळ ओरडले. गोदाम सांभाळायला लष्कर जुबैलमधून माणसं कशाला नेईल, एवढंही डोकं नाही का तुला? तर म्हणाला, "तुमी टीव्ही लय बघता."

तिघे गेले. साजिद, त्याच्याच गावचा नईम आणि गुहागरकडचा गणेश, जो कॅम्पात त्यांच्याच खोलीत राहायचा. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. नईमचा अजून पत्ता नाही, त्याचे वडील दारोदार अर्ज करत फिरताहेत, माझ्या लिहिण्याने त्यांचं काम बिघडायला नको. लोक आता विचारतात, अशी कशी फसली हो पोरं? ज्याने आखातात नोकरी केलेली नाही तोच हे विचारेल. इथे आल्यापासून या मुलांनी न वाचता येणाऱ्या अरबी करारांवर सह्या केलेल्या. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कपाटात आणि त्याच्या मर्जीशिवाय देशाबाहेर जायला एक्झिट नाही, ही तर रोजची गोष्ट. त्यामुळे तिकडे विमानातून उतरल्यावर एका माणसाने तिघांचे पासपोर्ट घेतले आणि वेगळ्याच लिपीतला कागद पुढे केला, तेव्हा कोणी दचकलंसुद्धा नाही. मुकाट सही केली. दुसऱ्या कोणाला संशय आला असता. आमच्या पोरांना वाटलं, नोकरी सुरू झाली.

थोडे दिवस बंदूक धरायला शिकवलं आणि पायदळाच्या एका कंपनीत टाकून दिलं. कंपनीत देशोदेशीची फसलेली माणसं. एकाचं दुसऱ्याला कळत नाही, हुकूम हाताच्या खुणांनी. या परक्यांना पुढच्या खंदकात ठेवायचे, कारण ते मेले तर विचारायला येणारं जवळ कोणी नव्हतं. हे मला गणेशने नंतर सांगितलं. सांगताना तो रडला नाही, चिडलाही नाही. ड्युटीचा तक्ता समजावून सांगावा तसं सांगत होता.

पहिली बातमी नईमची. आवाजाचा मेसेज, मागे वारा आणि धडाधड आवाज. "साजिद गेला. सामान घेऊन पुढं पाठवला होता. त्यांच्यावर गोळा पडला. कोन परत नाय आला..." मेसेज आधी गावात पोचला, मग आमच्याकडे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढता येते. ज्यांची माणसं पिढ्यानपिढ्या समुद्रावर गेली त्यांना ही सोय लागायचीच. तर गावात मशिदीत नमाज झाली आणि इकडे कॅम्पात त्याचे सोबती जमले. त्याच्या खोलीतला हैदराबादचा एक वयस्क फोरमन बाजूला उभा राहिला. "हमारे यहाँ मय्यत के बगैर नहीं पढ़ते," म्हणाला. आमच्यातला एकजण त्याच्यावर उखडला, माणूस गेलाय आणि तुम्ही मसले काढता? माझ्या नवऱ्याने मध्ये पडून मिटवलं. मी घरी होते. त्या दिवशी मासे आणले नव्हते. ती बादली मी मोरीत नेऊन ठेवली आणि तिथेच बसून रडले.

आणि तिसऱ्या दिवशी, गावात त्याच्या जियारतीचं, म्हणजे तिसऱ्याचं, जेवण चालू असताना, साजिदचा फोन. तो एका पडक्या घराच्या तळघरात अडकला होता, कानाला दडा बसला होता, पण धड होता. फोन घेतला त्याच्या चुलत्याने. म्हातारा हातातलं ताट टाकून पळत सुटला. नंतर साजिदने मलाही फोन केला. "खाला, मना मेला समजून नमाज पढलात ना तुमी?" मी हो म्हटलं. तर विचारतो, "जियारतीला बिर्याणी होती का नुसता दालचा? चाचा दालचा बोलला. मना वाटलाच होता, माझ्यासाठी बिर्याणी कोन घालतंय!" मी हसले, रडले, शिव्या दिल्या. परत कसा येणार ते विचारलं. तेवढ्यावर त्याचा आवाज बदलला. "इथं पन कफील हाय, खाला. याचा एक्झिट नाय मिळत." मग म्हणाला, अम्मीला काही सांगू नका, तिला गोदामात आहे असंच सांगितलंय. ज्या बाईने मुलाच्या नावाने जियारतीचं जेवण घातलं तिला हा अजून गोदाम सांगत होता... तो आमचा शेवटचा फोन.

थंडी वाढली तेव्हा दुसरी बातमी आली. या वेळी गणेशची. त्याच्या पायांची बोटं थंडीने काळी पडून कापावी लागली होती, म्हणून आघाडीच्या मागच्या हॉस्पिटलात होता, आणि त्याच बोटांच्या पुण्याईवर तो पुढे सुटून घरी आला. "ताई, या वेळी मी सोबत होतो," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर गेला. पाणी मागत होता, पाणी गोठलेलं होतं." मृतदेहाचं विचारलं. तर म्हणाला, "आम्हाला पळायला सांगितलं. तो तिथंच राहिला." पुढच्या आठवड्यात नईमला त्याच जागेवर परत पाठवलं आणि तोही आला नाही. मी नर्स आहे, मरणं पाहिली आहेत, त्यांच्या नातेवाइकांना सांगितली आहेत. एवढ्या हलकटपणे कोणी कोणाला मारलेलं मी पाहिलं नव्हतं. लढाईत माणूस मरतो, हे समजू शकते. या पोरांना तर लढाई कशासाठी आहे तेही कोणी सांगितलं नव्हतं.

हलीमाआपाने गणेशची साक्ष मानली नाही. "नईम पन असाच बोलला होता," म्हणाली. जमातीचे लोक दबकत विचारायला गेले, नमाज पढायची का? तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "एकदा पढलात, तो जित्ता निघाला. आता पढाल तर मरेल." एकदा चुकलेली जमात पुन्हा तिच्या मुलाला मारायला धजेना. इमाम साहेबांनीसुद्धा पुन्हा विचारलं नाही. मी फोनवर समजावायला गेले तर म्हणाली, "नसीम, तू त्याच्या बाजूने बोलतेस का मौतीच्या?" मी फोन ठेवला. मला तिची दया येत होती, आणि खरं सांगते, रागही येत होता. कारण तिच्या या हट्टात रुकय्या अडकली होती. नवरा गेला तर बाईने इद्दतीला बसायचं, चार महिने दहा दिवस घराबाहेर न पडता, साजशृंगार न करता त्याचं दुःख काढायचं, मग ती मोकळी. तिशीसुद्धा न गाठलेल्या त्या मुलीला ना बायको म्हणून नवरा, ना विधवा म्हणून इद्दत. सासू म्हणत होती, तो येणार. त्या घरात सासूच्या शब्दापुढे कोणी जात नव्हतं.

मग हलीमाआपा उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, आली. गावच्या बायकांचा ग्रुप होता, तिचा नवस साजिदच्या परतीचा. मी आणि माझा नवरा जुबैलहून मक्केला गेलो. चार दिवस मी तिच्याबरोबर बायकांच्या बाजूला बसत होते. ज्यांनी हरम, म्हणजे मक्केची मोठी मशीद, पाहिलं आहे त्यांना माहीत असेल, तिथे जवळजवळ प्रत्येक नमाजीनंतर जनाज्याचा पुकारा होतो. कोणीतरी गेलेलं असतंच. नाव सांगत नाहीत. बाई, पुरुष, मूल, एवढंच कळतं, आणि हजारो लोक अनोळखी माणसासाठी उभे राहतात. पहिले दोन दिवस हलीमाआपा उभी राहायची नाही. पुकारा झाला की ओढणी पुढे ओढून खाली बसून राहायची, आजूबाजूच्या बायका बघायच्या. तिला भीती होती, आपण हात बांधून नमाजीला उभं राहिलो तर ती कोणाला लागेल याचा नेम नाही.

तिसऱ्या दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजीनंतर पुकारा झाला. मी उभी राहिले. तिने माझा झगा धरून खाली ओढला. "नसीम, कोन हाय हा?" मी म्हटलं, "माहीत नाही, आपा. इथे नाव सांगत नाहीत." "त्याची आई हाय इथं?" "ते कसं कळणार? नसेलही." इमामची पहिली तकबीर होऊन नमाज सुरू झाली होती. मग माझ्या खांद्याला धरून ती उठली, गुडघे दुखत होते तिचे, आणि तिने हात बांधले. जनाज्याच्या नमाजीत वाकायचं नसतं, सजदा नसतो, उभ्यानेच संपते. शेवटचा सलाम फिरवला तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मी तिला धरून बसवलं. "झाली," म्हणाली. "साजिदची झाली." मी तिचे हात चोळत राहिले.

आम्ही आवारात येऊन बसलो. तिने फोन काढला, घरी लाव म्हणाली. तिला नीट ऐकू येत नाही म्हणून मी स्पीकर चालू केला. रुकय्याने सलाम केला. हलीमाआपाने सलामाचं उत्तर दिलं नाही. सरळ म्हणाली, "पोरी, आजपासून इद्दतीला बस."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अम्मी," रुकय्या म्हणाली, "माझी इद्दत सरली."

हलीमाआपा माझ्याकडे बघायला लागली.

"गणेशभाईचा फोन आला ना, त्याच दिवसापासून बसले होते मी. तुमाला समजू दिला नाय. बांगड्या तेवढ्या ठेवल्या हातात, तुमी बघाल म्हणून... गेल्या जुम्म्याला सरली."

मी फोन धरून होते. एका घरात, एका चुलीवर, ही मुलगी चार महिने नवऱ्याचं दुःख सासूपासून लपवून काढत होती आणि रोज तिच्याबरोबर बसून त्याच्या येण्याच्या गोष्टी ऐकत होती. मला वाटलं आता आपा रडेल, नाहीतर तिला बोल लावेल. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"मग मना एकटीला का ठेवलास गो," ती म्हणाली, "दोघी मिळून बसलो असतो."