पेशीबाई आणि आईचे हात

सूक्ष्मदर्शकाखाली कुठलीही पेशी दिसली, की पेशीबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: “ही जगते कशावर?” पनवेलच्या आमच्या कॉलेजात त्या एम.एस्सी.ला रोगप्रतिकारशास्त्र शिकवायच्या. पेशीबाई हे नाव आम्ही पोरांनी ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

खुर्चीवर त्या कधी बसल्याच नाहीत. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि वर्गभर येरझाऱ्या. सूज हा जिव्हाळ्याचा विषय. “सुजेला नावं ठेवू नका,” त्या म्हणायच्या. “जखम झाली की पेशी धावून येतात, भराभर साखर जाळून लढतात. काम झालं की चरबी जाळत सावकाश डागडुजीला लागतात. माझं भांडण आहे ते लढाई संपली तरी साखर जाळत बसणाऱ्यांशी.”

दुसऱ्या वर्षी मी कॉलेजला जाणं बंद केलं. आम्ही कोळीवाड्यातले, आई मासे विकते. संधिवातानं तिची बोटं इतकी सुजली, की सुरमई कापणं सोडाच, चहाचा कप धरवेना. बाजारात तिच्या माशांच्या पाटीवर मी बसू लागले. एका सकाळी बाई मच्छी मार्केटात शोधत आल्या. “परीक्षा जवळ आलीय आणि तू इथे?”

“आता शिकणं नाही जमायचं, बाई.”

“चल, आईला भेटू.”

आई भिंतीला टेकून बसली होती, कमालीची वाळलेली. डॉक्टरांच्या गोळ्यांचं विचारल्यावर ती म्हणाली, “बंद केल्या. पोरगी मोट्यानं वाचते ना, त्या सुजेच्या पेशी साकर खातात म्हून. मंग मी साकर सोडली, भात सोडला. उपाशी मरतील मेल्या!”

मला ब्रह्मांड आठवलं. बाई मात्र हसल्या नाहीत. आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

“ताई, विचार चांगला केलात. पण भात सोडला तरी शरीर रक्तात साखर राखतंच. त्या पेशींना मिळायची ती मिळते. उपाशी राहताय तुम्ही.”

“मंग आमी करायचं काय?”

“गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, डॉक्टर सांगतील तशाच. त्या थेट पेशींच्या कारभारात हात घालतात.”

“आनी गुन नाय आला तं?”

“तर दुसरं औषध आहे. डॉक्टर बदलून देतील. आपण सोडून बसायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी बाई कामोठ्याच्या आपल्या घरून रिक्षा घेऊन आल्या आणि आईला स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी डॉक्टरांना एकही सल्ला दिला नाही. आईची पिशवी सांभाळत बसल्या. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, एवढं मात्र परतताना आईकडून पुनःपुन्हा वदवून घेतलं. उरणहून मावशी आली आणि पाटीवर बसली. मी कॉलेजात परतले.

गुण सावकाश आला. पहिलं औषध पुरलं नाही, दुसरं जोडावं लागलं. दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. पण बाई निवृत्त होऊन नागपूरला बहिणीकडे निघाल्या, तेव्हा आईनं त्यांच्यासाठी भरली पापलेटं स्वतः केली. बाईंनी तिचा एकेक सांधा दाबून पाहिला. “दुखतं?”

“थोरा. पन हात माजा हाय आता.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हाच पाहिलं.

आता मी एका प्रयोगशाळेत, लढाई संपली तरी साखर जाळत बसणाऱ्या त्याच हट्टी पेशींवर काम करते. गेल्या महिन्यात माझ्या एका प्रयोगात त्या पेशींनी पहिल्यांदा साखरेची घाई सोडली आणि त्या शांत झाल्या. प्रयोग पुन्हा केला, तरी तेच. मी नागपूरला फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चार अवघड प्रश्न विचारले, मग म्हणाल्या, “आईला सांगितलंस का? आधी तिला सांग.”

आई पाटीवर होती. गिऱ्हाईक थांबवून तिनं ऐकलं.

“थांबल्या ना मेल्या?”

“काचेच्या बशीतल्या थांबल्या, आई. माणसातल्या अजून बाकी आहेत.”

“त्या पन थांबतील,” ती म्हणाली आणि सुरमई पुढे ओढली.