नारळ गाडीपुढे, गाडीवर नव्हे

आमच्या गावात अनंता घरत याच्याविषयी सध्या एकच गोष्ट सांगितली जाते, आणि ती खोटी आहे. अनंताने जत्रेत देवीच्या नारळाला नको म्हटले, म्हणून देवीने भर शर्यतीत त्याची गाडी जाळली, असे लोक सांगतात. रिक्षाथांब्यावर सांगतात, हळदीच्या मांडवात सांगतात, आणि ज्यांनी सारा प्रकार बांधावर उभे राहून पाहिला तेही सांगतात. त्या शर्यतीचा पंच मी होतो. जत्रेच्या मंडळाकडे मी रीतसर लेखी तक्रार दिली. तिला उत्तर आले नाही, येणारही नाही. म्हणून अनंता कोण आणि त्याच्या गाडीचे नेमके काय झाले, हे सविस्तर सांगणे मला भाग आहे.

अनंताचे वडील मिठागरावर राबले. पुढे मिठागरे बंद पडत गेली, बंदर आले, आणि आमच्या आगरी वस्तीतली तरुण मुले ट्रकवर चढली तसा अनंताही चढला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग एका ट्रेलरचा मालक आणि शेवटी तीन ट्रेलरचा. बोरघाट त्याला अंगणासारखा पाठ होता. माणगावच्या कोंडीत इंजिन तापू न देता अर्धा दिवस उभे राहण्याची त्याची हातोटी दूरवर माहीत होती, कारण ती तो स्वतःच सर्वांना सांगे. बोलणे मोठे, आवाज त्याहून मोठा. आपल्याइतकी गाडी दुसऱ्या कोणाला कळत नाही, हे त्याने मुलाच्या लग्नाच्या पंगतीतही व्याह्यांना ऐकवले होते.

मग मधुमेहाने त्याचा उजवा डोळा नेला. अवजड वाहनाचा परवाना पुन्हा मिळाला नाही. ट्रेलर मुलाच्या, म्हणजे हर्षदच्या, नावावर झाले. हे योग्यच होते. परंतु त्याबरोबर गॅरेजची चावीही हर्षदने आपल्या कमरेला अडकवली, हे योग्य नव्हते. डोळा स्टेअरिंगला लागतो. इंजिनाचे दुखणे ओळखायला कान पुरतात. बाबांनी आता आराम करावा, असे हर्षद चारचौघांत म्हणे. ज्याने जन्मात आराम केला नाही त्याला आरामाची शिक्षा द्यायची आणि तिला सेवा म्हणायचे, ही आमच्याकडची नवी रीत आहे.

त्याच सुमारास बंद मिठागरात रेडिओवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. हातभर लांबीची गाडी, हातात रिमोट, आणि सुकून भेगाळलेल्या वाफ्यांमधून आखलेला रस्ता. गाव जमू लागला तसा मंडळाने हा खेळ चैत्रातल्या जत्रेच्या कार्यक्रमात घेतला. हर्षदची टाकून दिलेली एक गाडी अनंताने अडगळीतून काढली. तिची मोटर जळलेली होती, बाकीचा सांगाडा धड होता. एका डोळ्याने चालवता येईल अशी गाडी जगात शिल्लक आहे, हे कळल्यावर तो माणूस पुन्हा वेळेवर जेवू लागला, असे त्याची सून पूनम हिने मला सांगितले.

मोटर घ्यायला तो मला पनवेलला घेऊन गेला. डब्यांवरचे इंग्रजी वाचायला मास्तर हवा, एवढेच माझे काम. या गाड्यांना लागणाऱ्या ब्रशलेस जातीच्या मोटरींच्या डब्यावर केव्ही म्हणून एक आकडा असतो. एक व्होल्ट दिला असता मोकळी मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या मंडळाचा अध्यक्ष सुजित विजेच्या खांबांची कंत्राटे घेतो. त्याने केव्ही म्हणजे किलोव्होल्ट असे ठरवून टाकले होते आणि मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद, असे गावाला पटवले होते. गावाने सर्वांत मोठे आकडे विकत घेतले. आदल्या वर्षी त्यातल्या बहुतेक मोटरी दहा फेऱ्यांच्या शर्यतीत भाजून निघाल्या, एकही गाडी शेवटपर्यंत पोहोचली नाही, तरी सुजितच्या शब्दाची किंमत तसूभरही घटली नाही. चुकीचे बोलणारा माणूस अध्यक्ष असला की चूक मोटरीची ठरते.

अनंताने लहान आकड्याची, जाड पोटाची मोटर मागितली. दुकानदार हेतलबेनला वाटले, काकांची ऐपत नसेल. ती सवलत देऊ लागली. तेव्हा त्याने दुकान दणाणेल अशा आवाजात मला समजावले, “मास्तर, घाट आकड्यानं चढत नाय, गिअरानं चढतो.” मिठागराची माती भुसभुशीत, गाडी जड, तिथे फेऱ्यांपेक्षा जोर हवा. फेरे कमी पडतील ते दोनऐवजी तीन सेलची बॅटरी घेऊन भरून काढायचे. व्होल्ट वाढले की तेच काम कमी प्रवाहात होते आणि मोटर तापत नाही.

उरला कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरीला किती वीज सोडायची हे ठरवणारी डबी. प्रवाहाच्या बाबतीत त्याने गरजेच्या दुप्पट सोसणारी मागितली. दहा टन न्यायचे तर गाडी वीस टनांची हवी, हा त्याचा जुना हिशेब. तशा दोन होत्या. एक पूर्ण बंद, पाण्यात बुडवली तरी चालेल अशी. दुसरी उघडी, वर छोटा पंखा असलेली. हिला सेन्सरवाली मोटर जोडता येई. अशा मोटरीतून एक बारीक वायर कंट्रोलरकडे जाते आणि तिचा फिरता गाभा कुठे उभा आहे ते कळवते, त्यामुळे गाडी आचका न देता उठते. हेतलबेन म्हणाली, काका, पाणीवाला लो ने, पछी टेन्शन नहीं, म्हणजे मागाहून काळजी नको. अनंताने तिलाच उलट विचारले, “चैत्रात मिठागरात पानी कुठशी येल?” भरलेला ट्रेलर आचका देऊन उठवणाऱ्याला तो ड्रायव्हर मानत नसे. त्याने उघडा कंट्रोलर घेतला. या प्रश्नाचे उत्तर पुढे गावाने दिले.

चुका त्याच्याकडूनही झाल्या. गाडी आवारात उभी करायची ती टाकी भरूनच, हा ट्रकवाल्यांचा नेम. त्याने बॅटरीही पावसाळाभर पूर्ण भरून ठेवली. ती लिथियमची, भरलेली पडून राहिली की बिघडते. गणपतीत पाहिली तर पुरीसारखी फुगलेली. पुढची बॅटरी तो अर्धी भरून ठेवू लागला आणि हा शोध आपणच लावला अशा थाटात पोरांना ऐकवू लागला.

जत्रेच्या आधी गॅरेजच्या दारात हर्षदचे मित्र जमले होते. एका ट्रेलरच्या आवाजात काहीतरी खोट आहे, आत येऊन पाहतो, असे अनंता म्हणाला. हर्षदने चावी काढली नाही. मित्रांकडे पाहत तो हसून म्हणाला, “बाबा, तुमची ती गाडी दहा फेरं पुरं करू दे. मग चावी तुमची.” मित्र हसले. अनंता हसला नाही. मास्तर साक्षी हाय, एवढेच म्हणून तो घरी गेला. त्या दिवसापासून तो चावीसाठीच गाडी फिरवत होता, हे मला आणि पूनमला ठाऊक होते.

जत्रेच्या दिवशी मंडळाने गाड्यांची पूजा मांडली. आमच्याकडे नवा ट्रेलर आला की चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात आणि पाणी बॉनेटवर ओततात. तेच या गाड्यांना करायचे ठरले. नारळ मुद्दाम चौलच्या वाडीतून आणलेले, पाण्याने गच्च. इतरांचे कंट्रोलर स्वस्तातले पण चारही बाजूंनी बंद होते. त्यांच्यावर पाणी ओतले गेले आणि काही झाले नाही. अनंताची पाळी आली तेव्हा त्याने गाडीवर हात आडवा धरला.

“नारल गारीपुढं फोरा. गारीवर नको.”

सुजितने विचारले, “ट्रेलरला चालतो, खेळन्याला चालत नाय काय, काका?”

“ट्रेलरचं काळीज बॉनेटखाली झाकलेलं हाय. हिचं उघडं हाय.”

देवीला शिकवतो काय, असे कोणीतरी मागून म्हणाले. मी पंच म्हणून निर्णय दिला की नारळ गाडीपुढे फोडावा. अनंताने पालखीला दंडवत घातले, स्वतःच्या हाताने नारळ फोडला, आणि रिमोट घेऊन तो बांधावर चढला. मीही माझ्या जागेवर गेलो. खाली गाडीजवळ हर्षद राहिला होता.

शर्यत सुरू झाली. मोठ्या आकड्यांच्या गाड्या सुसाट सुटल्या आणि एकेक करून धूर न काढताच मरगळल्या. अनंताची गाडी, जिच्या मागे त्याने ‘आई गावदेवी प्रसन्न’ असे रंगवून घेतले होते, घाट चढणाऱ्या ट्रेलरसारखी एका लयीत फिरत राहिली. सातव्या फेऱ्यात ती अडखळली. मग टपाखालून, म्हणजे गाडीच्या वरच्या पातळ कवचाखालून, धूर आला, आणि पाठोपाठ जाळ. अनंता बांधावरून घसरत खाली गेला आणि त्याने उघड्या हाताने बॅटरीची जोडणी ओढून काढली. बोटे भाजली, बॅटरी वाचली. तेवढ्यात सुजितने लाऊडस्पीकरवरून सांगितले की देवीला नको म्हनू नये. लोकांनी देवीच्या नावाचा गजर केला. भाजल्या हाताच्या माणसाला कोणी पाणीसुद्धा दिले नाही.

ऊन उतरल्यावर मी त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसून तो गाडी उघडत होता. हर्षद खांबाला टेकून उभा होता. कंट्रोलरच्या आतली सर्किटची पाटी काळी पडली होती आणि तिच्यावर काहीतरी चिकट वाळले होते. वाफ्यातल्या ओलीवरून गाडी गेली असणार, असे हर्षद म्हणाला. अनंताने बोट ओले करून पाटीवर घासले आणि जिभेला लावले. मिठागरात जन्मलेली माणसे पाणी असेच ओळखतात.

“खारं नाय,” तो म्हणाला. “गोर हाय.”

गोड, म्हणजे नारळाचे पाणी. मग पूनम दारातून बाहेर आली. तिने सासऱ्यांकडे नव्हे, नवऱ्याकडे पाहून सांगितले की मामंजी बांधावर चढत असताना करवंटीतले उरलेले पाणी यांनी टपाच्या उघड्या खिडकीतून आत ओतले, ते तिने पाहिले.

हर्षदने नाकारले नाही. लोक काय म्हणतील या भीतीने केले, बापसाला वाळीत टाकले असते, एवढ्याशा पाण्याने काय होते, असे तो म्हणत राहिला. अनंताने सारे ऐकून घेतले आणि भाजलेला हात पुढे केला.

“चावी दे.”

“फेरं कुठं पुरं जालं, बाबा?”

“गारीत पानी घालनाऱ्याच्या हातात गॅरेज ऱ्हात नाय. माझा क्लीनर असतास तर घाटातच उतरवला असता.”

शेवटी हर्षदने कमरेची चावी सोडली आणि वडिलांच्या हातात न देता ओट्यावर ठेवली. ती पूनमने उचलून सासऱ्यांच्या हातात दिली.

आता गॅरेज अनंता उघडतो. ज्या ट्रेलरच्या आवाजाबद्दल तो म्हणत होता त्याचा पंप खरोखर जात होता. तो वेळीच बदलला गेला. परंतु देवीच्या कोपाची कथा गावात तशीच फिरते आहे. अनंता तिला एका शब्दाने खोडत नाही, कारण खोडायची तर मुलाचे नाव घ्यावे लागेल. आयुष्यभर बढाया मारणारा हा माणूस आता पाप्याचा शिक्का सोसतो, जत्रेच्या वर्गणीच्या वेळी टोमणे ऐकतो, आणि मलाही गप्प बस म्हणतो. मी बसणार नाही. ज्याने पाणी ओतले तो मंडळात मानाने बसतो, आणि ज्याने लाऊडस्पीकरवर देवीला खोटी साक्ष द्यायला लावली तो अजून अध्यक्ष आहे.

परवा अनंता पुन्हा पनवेलला निघाला. मी विचारले, कंट्रोलर कोणता घेणार? पाणीवाला, असे तो म्हणाला. मिठागर कोरडे असले तरी गावाचा भरवसा नाही.