शेवंती दिव्याची उघडझाप मोजायची

शेवंती गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. गोव्यातल्या मोठ्या दवाखान्याच्या आवारात एका जपानी गाडीच्या बोनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. जिन्यातून कोणीतरी विचारलं, "शेवंतीबरोबर कोण आहेत?" मी वर बघितलं. नर्सबाई होत्या. त्यांनी नुसती मान खाली घातली. माझ्या हातात बॅटरीची काळी वायर होती. ती परत लावावी की तशीच टाकून जावं हेच मला कळेना... मी ती लावली. पान्याने आवळलीसुद्धा. मग जिना चढलो. हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

आता पाच आठवडे झाले. शेजारचे मास्तर म्हणाले, लिहून काढा, पेपरच्या पुरवणीत देऊ, मी शुद्धलेखन बघतो. माझी शाळा तिसरीपर्यंत. मी त्यांना आधीच सांगितलं की मला गोड गोड लिहिता येणार नाही. बायको मेली की ती सगळ्यांचीच देवी होते. माझी नव्हती. तोंडाने फटकळ होती, आमटीत मीठ जास्त घालायची आणि माझ्या आईशी तिचं शेवटपर्यंत पटलं नाही. पण एवढं खरं की माझं गॅरेज अर्धं तिचं होतं.

गॅरेज म्हणजे मालवण-आचरा रस्त्यावर घराला लागून चार खांब आणि वर माडाच्या झापांचं छप्पर. मी ट्रकवर क्लीनर होतो, तिथेच शिकलो. होडीची इंजिनं, जीप, शेताचे पंप, जे येईल ते खोलायचो. शेवंती लग्न होऊन आली तेव्हा तिला गाड्यांच्या धुराने उलटी व्हायची. वर्षभरात तिला पान्यांचे नंबर पाठ झाले. मी गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचो, सतरा म्हटलं की सतराचा पाना हातात. चुकीचा मागितला तर वरून आवाज यायचा, "सतरा नाय ओ, एकोणीस लागतलो. आधी नट बघा, मगे हात काढा." गिऱ्हाईकासमोर असं बोलायची. मला राग यायचा, आणि लागायचा एकोणीसच.

आचऱ्याचा विश्राम पंधरा वर्षं आखातात होता. आपला जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यानंतर पाच-सहा वर्षांनी तो कायमचा परत आला आणि बोटीने ही गाडी घेऊन आला. पांढरी, स्टेअरिंग डाव्या हाताला, काचा बटणावर खालीवर होणाऱ्या. मी बोनेट उघडलं आणि परत बंद केलं. कार्बोरेटरच नव्हता. "मेल्या, हिचा काळीज खंय आसा?" मी विचारलं. तो हसला. "मिस्त्री, हिका कंप्युटर आसा." सीटसमोर आत कुठेतरी एक पत्र्याची पेटी, ती म्हणे सगळ्या इंजिनावर नजर ठेवते. कुठे बिघडलं की स्टेअरिंगपुढे इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागतो. काय बिघडलं ते बघायचं असेल तर बोनेटखालच्या एका डबीतली दोन भोकं तारेने जोडायची. मग दिवा उघडझाप करायला लागतो. दोनदा लागला, थांबला, परत दोनदा, तर पाण्याच्या उष्णतेचं बिघडलं. दुसरा आकडा तर दुसरा बिघाड. आखातातल्या एका मिस्त्रीने विश्रामला हे शिकवलं होतं, त्याने मला शिकवलं. आणि पेटीला ते विसरायला लावायचं असेल तर बॅटरीची काळी वायर काढून थोडा वेळ थांबायचं. परत लावली की दिवा गेलेला.

मी तार धरून बोनेटजवळ, मग दिवा मोजणार कोण? विश्राम बोलता बोलता चुकायचा. मोजायला शेवंती बसली. उन्हात तो दिवा नीट दिसत नसे, म्हणून ती पदर डोक्यावरून पुढे ओढून स्टेअरिंगवर पसरायची आणि त्या पदराच्या आत डोकं घालून मोठ्याने सांगायची, "दोन... थांबलो... परत दोन. आता गप आसा. हां, सुरू झालो!"

"काकी, रेडियोर बातम्यो देतास जशी," विश्राम म्हणायचा.

"तू गप रे. माझा मोजूक चुकला तर तुझी गाडी खाडीत जातली."

तिला लिहिता येत नव्हतं. भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची, दोन आणि दोन, आणि पुढे पाण्याचं मडकं काढायची, म्हणजे पुढच्या वेळी मला कळावं. दोन-तीन बिघाडांची अशी चित्रं आहेत तिथे. पण येऊन जाऊन मडकंच. खाऱ्या वाऱ्याने त्या जागच्या वायरीला हिरवा गंज चढायचा. मी तो खरवडायचो, पंधरा दिवसांनी दिवा परत हजर. बदलायला नवा पार्ट इथे मिळत नव्हता. मग मी खरवडणंही सोडलं. गाडी आली की काळी वायर काढायची. शेवंती विहिरीवर जाऊन एक कळशी घेऊन येईपर्यंत थांबायचं, तेवढा वेळ पुरत असे. मग वायर लावायची. दिवा नाही, विश्राम खूश. ती कळशी उतरवता उतरवता एकदा म्हणाली, "तुमी तिचा गाऱ्हाणा सोडवक नाय. तिका विसरूक लावलात."

"गाडी चालता मा?" मी म्हटलं.

"चालता."

"मगे?"

ती कळशी घेऊन आत गेली. असं वर्ष-दीड वर्ष चाललं.

तिचं पोट दुखायला लागलं ते एका सोमवारी. मी जीपखाली होतो. पाना देताना म्हणाली, "बेंबीकडे कळ येता ओ." मी म्हटलं, "ओवो खा." डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. मंगळवारी जेवली नाही. बुधवारी सकाळी तिला सरळ उभं राहता येईना, उजव्या बाजूला हात दाबून वाकून चालत होती. आमच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, अपेंडिक्स वाटतंय, इथे होणार नाही, आजच्या आज गोव्याला न्या. मी विश्रामला निरोप धाडला. जेवणवेळेच्या आधीच गाडी दारात आली. तिने स्वतः पिशवी भरली होती. दोन लुगडी, फणी, पेला. खळ्यातून, म्हणजे अंगणातून, गाडीपर्यंत ती माझ्या खांद्याला धरून आली, दाराला हात लावला आणि थांबली. मला वाटलं चक्कर आली.

"थांबला," ती म्हणाली.

"काय थांबला?"

"दुखाचा थांबला. एकदम."

डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणसाचं तोंड होतं तसं तिचं तोंड झालं होतं. तिने आपलं पोट आपणच दाबून बघितलं. "बगा, तितक्या नाय."

विश्राम गाडीचं दार उघडून उभा. "मगे काय करूचा, मिस्त्री? जावया की रवांदे?"

दोघंही माझ्याकडे बघत होती. मी गाडीत बस म्हटलं असतं तर ती बसली असती. चाळीस वर्षांत असल्या गोष्टीत तिने माझा शब्द मोडला नव्हता. मी म्हटलं, "थांबला तर कित्याक जावचा? एवढ्या उन्हात शंभर किलोमीटर! परत दुखला तर बघूया."

तिने पिशवी आत नेली, लुगडी पेटीत ठेवली आणि आम्हा दोघांना चहा करून दिला. विश्रामच्या चहात साखर जास्त, त्याला आवडते तशी. तो म्हणाला, "काकी, माझी गाडी बघून दुखणा पळाला." आम्ही तिघं हसलो. मला हा चहा आठवतो. दवाखाना, अग्नी, दिवस, सगळं एकमेकांत मिसळतं, पण चहा सबंध आठवतो... कपाची कड कुठे फुटली होती तेसुद्धा.

गुरुवारी ती पेज जेवली, पडून राहिली. मी म्हटलं थकली असेल. कोणाचा तरी पंप दुरुस्त करत बसलो. शुक्रवारी सकाळी अंगात चुली पेटल्यासारखा ताप आणि पोट फळीसारखं टणक. विश्राम धावत आला. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सावंतवाडी सोडल्यावर पुढे पिवळा दिवा लागला. ती डोळे मिटून होती, तरी विश्रामच्या चुकचुकण्यावरून तिला कळलं.

"पेटलो काय तो?"

"पेटलो."

"मोजूक होयो," ती म्हणाली.

गोव्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस दुखतंय?" मी सांगितलं, "सोमवारपासून. पण बुधवारी दुपारपासून दुखत नाही." हे दुसरं मी चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. "एकदम थांबलं?" "एकदम." डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे असतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, ते तेव्हा आत फुटलं. फुटलं की काही वेळ बरं वाटतं. थांबलं तेव्हाच पळवत आणायला हवं होतं."

माझं सगळं आयुष्य इंजिनांत गेलं. ठकठक करणारं इंजिन आपोआप गप्प झालं तर मी ते कधी पुढे चालवलं नाही. आधी बंद करतो, खोलतो, मग बोलतो. कोणी हसत म्हणाला, बघा, आवाज फुकटात गेला, तर त्याला शिव्या घालतो. हे मला येत होतं. ते मला माझ्या खळ्यात, भर दुपारी, माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघताना आलं नाही.

ऑपरेशन झालं. पोटातली घाण काढली म्हणाले, पण विष अंगात भिनलं होतं. चार दिवस ती तिथे होती. मी आणि विश्राम आळीपाळीने बसायचो. सलाईनच्या बाटलीकडे मी तासन् तास बघायचो. थेंब पडतो आहे एवढंच कळायचं, त्याच्यापुढे काही कळत नव्हतं. कुठला पाना मागायचा तेही माहीत नाही अशी माझी गत. पाचव्या दिवशी सकाळी ती चांगली जागी होती. म्हणाली, "गाडीचो दिवो गेलो?"

"नाय."

"मगे जावा, बघा जावा. हय बसान माझ्या तोंडाक काय बघतास? परत जाताना वाटेत बंद पडली मगे?"

परत जाताना म्हणाली. मला तेवढंच ऐकू आलं आणि हुरूप आला. मी खाली गेलो. विश्रामला मोजायला बसवलं, त्याने एकदा दोन-दोन सांगितलं, एकदा दोन-तीन. मी म्हटलं जाऊ दे, आणि काळी वायर काढली. किती वेळ थांबायचं ते काही सुचेना, कारण कळशी आणायला कोणी गेलेलं नव्हतं. तसाच वायर धरून उभा राहिलो. तेवढ्यात जिन्यातून हाक आली.

मुलगी मुंबईहून आली, दिवस झाले, ती परत गेली. भेटायला येणारे म्हणतात, तिची वेळ आली होती. मला हे ऐकवत नाही. वेळ तेव्हा आली नव्हती. वेळ बुधवारी दुपारी होती, आणि गाडी दारात उभी होती.

परवा विश्राम आला. बिचारा दर दोन दिवसांनी येतो, पण गाडी बाहेर ठेवून येतो. या वेळी आत आणली. दिवा लागलेला. "मिस्त्री, वायर तेवढी काढा. दिवो बघून घरातली माणसा भियतत," म्हणाला. मी तार घेतली, भोकं जोडली, विश्रामच्या हातात धरायला दिली आणि स्वतः आत बसलो. डोक्यावरून टॉवेल घेतला. दोन... थांबला... दोन. की तीन? परत मोजलं. डोळ्यांत पाणी आलं की एका दिव्याचे चार दिसतात. तीनदा मोजलं आणि बाहेर आलो. तार काढली. पाना उचलला आणि ठेवून दिला.

"मी वायर काढूचंय नाय," मी म्हटलं.

"कित्याक?"

"माका दुरुस्त करूक येणा नाय रे. नुसतो दिवो इझवक येता. तू गोव्याक ने. थय या गाड्यांचे मिस्त्री आसत."

"बरा. पुढच्या आठवड्यात जातंय."

"आत्ता जा."

"आत्ता? मिस्त्री, गाडी बरी चालता..."

"आत्ता. आणि आयक, वाटेत तो आपणहून इझलो तरी परत फिरू नको."

विश्रामने बोनेट बंद केलं. तो गाडीत बसला. मी रस्त्यापर्यंत गेलो. गाडी वळणाआड गेल्यावरही मी तिथेच उभा होतो, परत येते की काय ते बघत.