करवंट्यांत मांडलेली मोटारसायकल

मांडव्यापासून दिवेआगरपर्यंत सगळा किनारा पालथा घाला, माझ्या मावशीच्या यजमानांइतका संतापजनक माणूस तुम्हाला सापडणार नाही, आणि हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते आहे. मी पत्रकं लिहिते. चार ओळींत समोरच्याचं पितळ उघडं पाडायची मला सवय आहे, आणि खोटं लिहायचं नाही, बोलायचंही नाही, हा माझा एकमेव नियम आहे. कंत्राटदारांवर लिहिलं, पुढाऱ्यांवर लिहिलं. काकांवर मात्र पत्रक काढता आलं नाही, कारण पाठपोट छापूनही ते एका पानात मावत नाहीत.

प्रकरण असं. आमच्या गावातून सुरूच्या बनातून समुद्रावर जाणारी जी वाट आहे, ती एका रिसॉर्टवाल्या कंपनीने तारेचं कुंपण घालून बंद करायला घेतली. त्याच वाटेने जाळी जातात, मासळी येते, आमचे गणपती जातात. कंपनीचं म्हणणं, वाट कागदावर नाही. आमच्या पायाखाली आहे ती कोणाच्या कागदावर नाही, म्हणून नाहीच. पंधरा तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत तहसील कचेरीत लेखी हरकती द्यायच्या होत्या, एकेका माणसाच्या सहीनिशी. वाड्या सात, डोंगराच्या पायथ्यापर्यंत विखुरलेल्या, आणि बस दिवसातून दोनदा. मी पायी फिरत होते. दहा दिवसांत सह्या मिळाल्या एकोणीस. मला गाडी हवी होती, आणि गाडी होती: काकांच्या मागच्या पडवीत, मावशी वारली त्या दिवसापासून उभी असलेली लाल मोटारसायकल. मी ती चालवायला शिकले होते तीच मुळी काकांकडून. सहा महिने नुसता प्लग काढायला आणि घासायला लावला, मग सीटवर बसू दिलं.

आता ही गाडी त्यांनी ठेवली कशी होती ते ऐका. काका कारखान्यात फिटर होते. खाऱ्या वाऱ्याने लोखंड सडतं हे त्यांना कोणी सांगायला नको. म्हणून त्यांनी गाडीला आधी खोबरेल तेल चोळलं, तान्ह्या बाळाला चोळतात तसं, मग ती प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळली आणि सगळ्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या. चक्रीवादळात पडवीची कौलं उडाली, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, गाडीवर ओरखडा नाही. हे ते पाहुण्यारावळ्यांना अभिमानाने सांगत. बाहेरचा ओलावा आत शिरू नये म्हणून एवढा बंदोबस्त करणाऱ्या माणसाच्या हे डोक्यात आलं नाही, की आतला ओलावासुद्धा मग बाहेर पडणार नाही. आम्ही ताडपत्री सोडली तेव्हा गाडी आतल्या आत घामेजून गंजली होती. साखळी म्हणजे एक अखंड सळई. पेट्रोलच्या टाकीत पेट्रोल नव्हतं, लाल माती होती.

"दम कोंडला गं तिचा," काका म्हणाले आणि बराच वेळ ताडपत्रीच्या घड्या घालत बसले.

मी म्हटलं, टेम्पोत टाकू आणि तालुक्याला मेकॅनिककडे नेऊ, चार दिवसांत काम होईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातल्या माणसाला रस्त्यावर सोडून यायला सांगत होते. "मेकॅनिक पार्ट बदलतो, बाय. दुरुस्त करत न्हाय."

"मग तुम्हाला किती दिवस लागतील?"

"ती सांगेल तेवढे."

माझ्याकडे तीन आठवडे होते.

पहिला आठवडा गाडी नुसती उघडण्यात गेला. काका गाडीला किक मारत नाहीत. कोणालाही मारू देत नाहीत. "झोपलेल्या माणसाला लाथ घालून उठवतेस काय तू?" असं मला चारचौघांत विचारलं. त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून आत चमचाभर ऑइल सोडलं, आणि रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, मागचं चाक हाताने एवढंसं फिरवायचं, बस्स. आजचं काम झालं. पाचव्या दिवशी चाकाबरोबर इंजिन हललं, तर शेजारी गूळ वाटला. सुटा केलेला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वॉशर नारळाच्या करवंटीत. करवंट्या अंगणात ओळीने, आणि प्रत्येकीवर खडूने नाव. नाव म्हणजे पार्टचं नव्हे. "वरची डावी", "तिची बहीण", "हिला विचारून". सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं निघालं, तर ते फोडायला तयार नाहीत. दोन दिवस उदबत्तीचा धूर दिला, माशी आपण होऊन जावी म्हणून. माशी केव्हाच गेलेली होती. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात टाकीचा गंज. त्यावर बाजारात औषध मिळतं. काकांचं औषध कोकमाचं आगळ, म्हणजे आंबटढाण रस. तेही बिनमिठाचं, कारण मिठाने गंज वाढतो. आता आमच्याकडे आगळात मीठ न घालणारी बाई शोधायची म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. काका पिशवी घेऊन घरोघर फिरले. सही मागायला ज्या दारांतून मी फिरायला हवं होतं त्या दारांतून हा माणूस आगळाची चव घेत फिरला. शेवटी कुठून तरी दोन बाटल्या मिळवल्या, टाकीत ओतल्या, वर बारीक खडी टाकली आणि टाकी मांडीवर घेऊन हलवत बसले. शेजारचे दिनू नाखवा, ज्यांची होडी काकांच्या घरामागेच लागते, फाटकात उभे राहून म्हणाले, "सोलकढी भाताबरोबर हाय का नुसती प्यायची?" तिसऱ्या दिवशी टाकीतून काळं पाणी आलं, पाचव्या दिवशी जांभळं, आणि आतला पत्रा खरोखर चकचकीत झाला. हे मला मान्य करावं लागतं. पण तोवर तारीख सात झाली होती आणि माझ्या पायांना फोड आले होते.

आणि पत्रकांचं तर मी विसरणारच नाही. रात्रंदिवस डोकं घालून लिहिलेली, वर्गणी काढून छापलेली माझी पत्रकं मी हरकतीच्या कोऱ्या अर्जांसकट त्यांच्या ओट्यावर ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला द्या म्हणून. एका सकाळी बघते तर ती अंगणभर अंथरलेली. त्यांच्यावर करवंट्या. कार्ब्युरेटर माझ्या मथळ्यावर उताणा पडलेला. "वाट आमच्या हक्काची" मधल्या हक्कावर ऑइलचा डाग.

"काका, लोकांनी वाचायची पत्रकं आहेत ती."

"कागद चांगला हाय," ते म्हणाले. "तेल पितो."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. रोज सकाळी फाटकावरून विचारायचं, झाली का? रोज उत्तर, "अजून तिची बहीण बसायचीय." आणि अंगणात गर्दी. आमच्याकडे उघडं इंजिन दिसलं की माणूस थांबतोच. ज्याने जन्मात सायकलची हवा भरली नाही तोसुद्धा कमरेवर हात ठेवून सांगणार की तुमचा टायमिंगचा घोटाळा आहे. दूधवाला, वायरमन, बाजाराला निघालेल्या बायका, मळ्यातले, खारीतले, वरच्या वाडीचे, सगळे त्या करवंट्यांवर ओणवे झालेले आणि काका मधोमध पाटावर बसून सगळ्यांना सारख्याच गंभीरपणे हुंकार देतायत. दिनू नाखवा तर मुक्कामालाच होते. याच नाखव्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं: "पत्रक नको बाय, चष्मा न्हाय." मी त्या गर्दीकडे बघून दात खात पुढच्या वाडीची वाट धरायचे. गावाची वाट चालली होती आणि गाव गाडी बघत होतं.

पंधरा तारीख उजाडली. माझ्याकडे चव्वेचाळीस हरकती होत्या. सकाळी दहाला मी काकांच्या अंगणात शिरले आणि जमलेल्या सगळ्यांदेखत मनात होतं ते सगळं बोलले. एका माणसाच्या हट्टापायी अख्ख्या गावाचं नुकसान होतं ते कसं, हे मी सविस्तर सांगितलं. नाखवा खाली बघत होते. माझं संपल्यावर काका म्हणाले, "डिकी उघड."

मी गाडीच्या बाजूची पत्र्याची डिकी उघडली. आत प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. माझेच हरकतीचे छापील अर्ज, सह्या केलेले, अंगठे उठवलेले, प्रत्येकावर नाव आणि वाडी. दोनशेच्या वर असतील. काहींवर ऑइलची बोटं होती.

"त्यांचा नियम हाय," नाखवा म्हणाले. "आधी सही, मग सल्ला. मला टायमिंगचं बोलायचं होतं, तर दोन दिवस बोलू दिलं न्हाय. म्हटलं आण तो कागद. खाली अंथरलेला तुझा कागद वाचला मी सगळा, वाकून. कार्ब्युरेटरखाली होता तेवढा राहिला."

"चष्मा नव्हता ना तुमच्याकडे?"

"जवळचं दिसतं मला."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी सरळ किकवर पाय ठेवला आणि तेव्हा दिसलं की इंजिनावर प्लगच नाही. काकांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लग काढला, आणि हाताने बसवला. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. घशात काही अडकल्यासारखं नाही, धूर नाही, काही नाही. अशी गाडी त्या सकाळी तयार झालेली नसते.

"कधीपासून तयार आहे?"

"आठ दिवस झाले."

"आणि या करवंट्या?"

"जुन्या सायकलीचे नट हायत त्यात," ते म्हणाले. "गाडी सुरू झाली असती तर माणसं कशाला थांबली असती?"

मी माझ्या चव्वेचाळीस हरकती त्याच डिकीत कोंबल्या आणि निघाले. हरकती पाचच्या आत कचेरीत पोचल्या, पोचपावती मिळाली. सुनावणी अजून व्हायची आहे, पण तोवर कुंपणाचं काम थांबलं आहे. परत येताना उन्हं उतरली होती, गाडी पाण्यासारखी धावत होती, आणि मी पुढचं भांडण मनात जुळवत होते. मला सांगायला काय झालं होतं? मी उन्हातान्हात सात वाड्या तुडवल्या त्याचं काय?

अंगणात कोणी नव्हतं. करवंट्या धुऊन भिंतीशी उपड्या घातल्या होत्या. जमीन झाडून काढली होती. काका पाटावर बसले होते आणि समोर स्टुलावर कपबशांचा ट्रे होता, आठ-दहा कप, कोरडे. मावशी होती तेव्हा या अंगणात सकाळपासून माणूस असायचं. ती गेल्यावर लोक फाटकातूनच विचारायला लागले, बरं आहे ना, आणि पुढे जायचे. हे मला माहीत होतं. मीही तशीच जायचे.

"घेऊन जा आता," काका म्हणाले. "तुला फिरायला लागेल. मला काय, मागं ती बसलेली नसली तर मला तोल सावरत न्हाय."

मी गाडी घेऊन निघाले. नाखव्यांच्या घराच्या वळणापर्यंत गेले, गाडी बंद केली, उतरले, आणि प्लगवरची वायरची टोपी ओढून काढली. मग ढकलत ढकलत परत आले.

"बंद पडली," मी म्हटलं. "काय तुमचं काम, काका. वळणापर्यंत गेली नाही."

ते उठले. गाडीपाशी उकिडवे बसले. लोंबकळणाऱ्या टोपीकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा टोपीकडे. मी रागातच उभी होते.

"अवघड दिसतंय," ते म्हणाले. "सगळं खोलावं लागेल." आणि भिंतीशी जाऊन त्यांनी एकेक करवंटी सुलटी करायला घेतली. "नाखव्याला हाक मार जाताना. आणि ती तुझी पत्रकं असतील उरलेली, तर आण. अंथरायला."