मामांचा टँगो

उभ्या बनारसमध्ये आमच्या मामांइतका चुळबुळ्या माणूस सापडणार नाही. ते चहा उभ्यानं पितात, पेपर फेऱ्या मारत वाचतात. रामनगरला जाताना नाव गंगेच्या मधोमध असते तेव्हाच हे उतरायला उभे. बँकेतून निवृत्त झाल्यावर असा माणूस घरात बसणार कसा? मुन्शी घाटाजवळ एका गच्चीवर अर्जेंटिनाच्या एक बाई सकाळी टँगो हा जोडीचा नाच शिकवतात असं कळलं, आणि मामा दुसऱ्याच दिवशी बूट चकचकीत करून हजर!

महिन्याभरात ते भर गल्लीत मला धरून शैलींमधला फरक समजावू लागले. "हे बघ, मिलोंगेरो म्हणजे छातीला छाती, पावलं एवढुशी. गर्दीतला नाच. सलोनमध्ये मिठी जरा सैल, चाल लांब, ऐटदार. आणि नुएवो म्हणजे एकदम मोकळं. गिरक्या, झोके, सब कुछ!" सोमवारचं मिलोंगेरो बुधवारी त्यांना कोंदट वाटे, आणि शनिवारच्या नुएवोत बाईंची एक कुंडी फुटली. बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बाबूजी, आप अकेला नाचता." मामा घरी येऊन धुमसत राहिले, "अरे, दोघं तर नाचत होतो!"

त्याच वर्षी थंडीत मामीला पार्किन्सन निघाला. चालता चालता तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. मामा हात ओढत, "अगं, चल ना!" ती अधिकच थिजे. एकदा तीच म्हणाली, "अहो, ओढू नका. हे पाय माझं ऐकत नाहीत, तुमचं काय ऐकतील?"

दुसऱ्या दिवशी मामा तिला रिक्षात घालून गच्चीवर घेऊन गेले. मीही सोबत होतो. चारचौघांत नवऱ्याचा हातही न धरलेली मामी लाजून लाल झाली. बाईंनी दोघांना जवळ, अगदी मिलोंगेरोसारखं उभं केलं आणि मामांना बजावलं, "स्टेप नहीं. वजन इधर, वजन उधर. फिर रुको." दोघं नुसती डुलत राहिली. मामांची टाच आधी चुळबुळत होती, हळूहळू तीही शांत झाली. मग मामीनं पाऊल टाकलं, आणि मामा एक पाऊल मागे सरले.

"ही कुठली शैली?" मी विचारलं.

"गप रे," मामा म्हणाले, "ती चालतेय."

आता गच्चीचा जिना मामीला चढवत नाही. दोघं घरातच उभी राहतात. कधी चार पावलं होतात, कधी एकही नाही; तरी मामा मिठी सोडत नाहीत.